किल्ली कोणाकडे आहे?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आमच्या शाहूपुरीत सकाळची पहिली चौकशी तब्येतीची नसते, पाण्याची असते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे, रात्रीत किती इंच चढली, ३९ फुटांच्या इशारा पातळीला आणि ४३ फुटांच्या धोका पातळीला अजून किती अवकाश आहे, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीने ५५ फुटांची रेघ ओलांडली, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच झाले, आणि या दोन पुरांच्या मधल्या काळात कोरोनाने आम्हांला आपापली दारे आतून लावून घ्यायला शिकवले. आपल्या दैनिकात दर वर्षी बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रे यांच्या तयारीच्या बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु त्या तयारीत एक गोष्ट कधी मोजली जात नाही, कारण ती गोदामात भरून ठेवता येत नाही. समोरच्या घरात या घटकेला कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे काय, एवढीच ती गोष्ट. तिच्याविषयी लिहायला मी बसलो त्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती आधी सांगून टाकणे बरे.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा संपत आला तेव्हा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले. पोरे धावपळ करत होती. कोणाचा फ्रिज चार विटांवर चढत होता, कोणाची दुचाकी उंचावरच्या रस्त्याला नेऊन लावली जात होती, आणि जो तो दुसऱ्याला "लवकर, लवकर" म्हणत होता. आमच्या समोरच्या घरात माडीवर एक आजी एकट्या राहत असत. त्यांची लेक इचलकरंजीला दिलेली. मी घर सोडताना समोर पाहिले, तर जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होते. लेकीने नेले असणार, असे मी मनाशी ठरवले आणि पिशव्या उचलून चालू लागलो. हाक मारायला अर्धे मिनिटदेखील लागले नसते. ते कुलूप खालच्या बिऱ्हाडाने जाताना घातले होते, कारण त्यांनाही वाटले की आजी आदल्या दिवशीच गेल्या. गल्लीतल्या तीस-बत्तीस घरांपैकी प्रत्येकाला असे वाटत होते की दुसऱ्या कोणीतरी त्यांना बाहेर काढले आहे.

आजी दोन रात्री माडीवर कोंडलेल्या होत्या. बॅटरीचे सेल पहिल्याच रात्री संपले. बोटीच्या इंजिनाचा आवाज आला की त्या खिडकीशी येऊन पळीने ताट बडवत, पण ज्या इंजिनाच्या आवाजावरून त्यांना बोट आल्याचे कळे, त्याच आवाजात त्यांचे ताट बुडून जाई. तिसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या एका तालमीची पोरे बोट घेऊन येत असता इंजिनाच्या पंख्यात चिंध्या अडकल्या. त्या काढेपर्यंत इंजिन बंद ठेवून त्यांनी बोट बांबूने रेटत आणली, आणि त्या शांततेत त्यांना ताट ऐकू आले. माडीच्या गजाआडून शिडीवर आणि शिडीवरून बोटीत उतरवताना पोरे घाई करू लागली तेव्हा आजी त्यांना म्हणाल्या, "जरा दमानं घे बाळा, मी कुठं पळून चाललोय?" हे मला त्या पोरांपैकी एकाने नंतर हसत हसत सांगितले. मला हसू आले नाही.

कोल्हापूर हे धावून जाणारे शहर आहे, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. त्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, पाण्याची उपसा केंद्रे बुडाल्यामुळे चहूकडे पूर असताना नळ कोरडे पडले, तरी इथे कोणी उपाशी राहिला नाही. अडकलेल्या ट्रकचालकांना गावोगावच्या चुलींवरची भाकरी पोचली. तालमी, तरुण मंडळे, भिशीच्या बायका, बोर्डिंगांमधले विद्यार्थी, सगळे रात्र रात्र उभे होते. धावून जाणे आमच्या अंगात आहे. परंतु धावून जाण्यासाठी कोणाकडे धावायचे हे आधी माहीत असावे लागते, आणि ती माहिती धावताना मिळत नाही. ती कोरड्या दिवसांत, काही काम नसताना, उंबऱ्यावर टेकून, "काय आज दिसला नाहीसा?" असे विचारण्यातून साठत जाते. आपण नेमके ते दिवस घाईत घालवतो आणि मग संकटाच्या दहा दिवसांत माणुसकीचा डोंगर उभा करून दाखवतो.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातला बराच काळ सायकलवरून पेठांमध्ये बटवडा केला. त्या वेळी मुंबईला गिरणीत किंवा गोदीत असलेल्या मुलांच्या मनीऑर्डरी घरोघर येत. घेणाऱ्या बाईला सही येत नसली की तिचा अंगठा घ्यावा लागे, आणि त्या अंगठ्याला साक्षीदाराची सही लागे. मग शेजारणीला हाक जाई. ती पिठाचे हात पदराला पुसत येई, माझ्याच पेनाने सावकाश नाव लिही, आणि अंगठ्याची शाई केसांना पुसणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सहज विचारी, "औंदा पैसं कमी का आल्यात?" म्हणजे साक्षीच्या निमित्ताने शेजारघरी हे कळे की मुंबईला काहीतरी बिनसले आहे, आणि त्या दिवशी संध्याकाळी न मागता वाटीभर आमटी त्या घरी जाई. मला त्या सगळ्याचा तेव्हा कंटाळा येई, कारण पिशवीत आणखी साठ पत्रे असत. आज पैसे थेट खात्यात जमा होतात. ते उत्तमच झाले, मधल्यामध्ये हात मारणाऱ्यांची सोय बंद झाली, म्हाताऱ्या माणसांना वाट पाहावी लागत नाही. पण त्या व्यवहारातून साक्षीदार गेला, आणि त्याच्या जागी आपण कोणालाच बसवले नाही.

बटवडा करताना तीन दिवस दार बंद दिसले तर आम्ही पाकिटावर तसा शेरा मारून ते परत पाठवत असू. मात्र शेरा मारण्यापूर्वी शेजारी विचारण्याची पद्धत होती. आता वस्तू आणून देणारी मुले वेळेच्या मोजमापावर बांधलेली असतात. त्यांना विचारायला सवड नसते, आणि विचारले तरी शेजारी "माहीत नाही" म्हणतो. त्या मुलांचा यात काही दोष नाही.

घाईचा दुसरा प्रकार फोनवर चालतो, आणि तो मला पहिल्याहून घातक वाटतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. ती रचनाच तशी केलेली आहे. उघडलेल्या दरवाजातले पाणी भोगावतीतून पंचगंगेत येऊन शहरापाशी पोचायला कित्येक तास लागतात. इतके साधे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाला असताना दर पावसाळ्यात "दरवाजे फुटले, दोन तासांत शहर बुडणार" असा मजकूर मध्यरात्री फिरतो आणि आपण तो पुढे ढकलतो. पुढे ढकलणाऱ्याला वाटते की आपण शेजाऱ्याची काळजी घेतली. २०२१ मध्ये असा एक मजकूर मीही पुढे पाठवला होता, हे कबूल केलेले बरे. आमच्या गल्लीतल्या एका हृदयविकाराच्या रुग्णाने तो वाचून रात्री दोन वाजता सामान बांधायला घेतले. त्या घराचे दार माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे. वीस पावले चालून गेलो असतो तर काय बोलायचे याचा मी चालता चालता विचार केला असता.

७ जून २०२३ चा दिवस शहराला आठवत असेल. समाजमाध्यमांवरील मजकुरावरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि पाठोपाठ इंटरनेट बंद करण्यात आले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जे घडले ते मी इथे नोंदवून ठेवतो, कारण ते कोठल्याही बातमीत येण्यासारखे नव्हते. फोन मुके झाल्यामुळे माणसे कट्ट्यावर आली. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या मुसलमान आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि औषधांची दुकाने मिटलेली होती. समोरच्या घरातून त्याच गोळ्यांची अर्धी पट्टी गेली, कारण दोन्ही घरांतले म्हातारे एकाच डॉक्टरांकडे जातात आणि रांगेत शेजारी शेजारी बसतात, हे दोन्ही सुनांना ठाऊक होते. कोणी सलोख्याचे भाषण केले नाही. पट्टी घेऊन गेलेला मुलगा तिथे शिरखुर्म्याची नाही तरी चहाची बशी संपवून आला, एवढेच. अशी ओळख नसलेल्या गल्ल्यांमध्ये ती रात्र कशी गेली असेल याची मला कल्पना करवत नाही.

कोणी म्हणेल, या गावाला थांबायला सांगणे म्हणजे वाऱ्याला गाठ मारणे आहे. तसे नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता, सारे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले होते. मी तेव्हा स्टेशन रोडला होतो. रिक्षावाल्याने इंजिन बंद केले, हातगाडीवाल्याने केळ्यांचा फणा हातात तसाच धरला, आणि मला त्या रस्त्यावर चाळीस वर्षांत प्रथमच चहाच्या टपरीतल्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना उभे राहणे जड जात होते, हे मला साठाव्या सेकंदाच्या सुमारास दिसले. एरवी दिसलेच नसते. शंभर सेकंद संपताच मी त्यांना टपरीचे स्टूल आणून दिले. हे काही मोठे काम नव्हे, पण थांबल्याशिवाय ते माझ्या हातून झाले नसते.

थांबण्याच्या बाबतीत आमच्या गावाला शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ पेला हातात मिळतो. तिथे मंत्री आला तरी त्याला म्हैस पान्हा सोडेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि त्या वाट पाहण्यात पेठेतल्या अर्ध्या सोयरिकी जमल्या असतील. (निम्मी भांडणेही तिथेच लागली असतील, पण बोलणे चालू राहिले की भांडण मिटायलाही जागा राहते.)

शाहू महाराजांचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट बोलून दाखवतो. आपण त्यांच्या जयंतीला मिरवणुका काढतो. त्यांच्या कामाची गती मात्र पाहत नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आणि मागोमाग आलेला प्लेग, यांना त्यांना कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांतच तोंड द्यावे लागले. स्वस्त धान्याची दुकाने उघडणे हे तातडीचे काम त्यांनी तातडीने केले. परंतु १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेक वसतिगृहे उभी करायला त्यांनी वर्षामागून वर्षे दिली. जागा दिल्या, अनुदाने बांधून दिली, आणि चालवण्याचे काम त्या त्या समाजातल्या माणसांच्या गळ्यात घातले, म्हणजे दरबाराने हात काढला तरी चूल विझू नये. आज दसरा चौकात उभे राहिले तर एकशेवीस वर्षांपूर्वीच्या त्या सावकाश कामाची फळे चहूकडे दिसतात. राधानगरीचे धरण तर त्यांच्या हयातीत पुरे झालेच नाही. जे आपल्याला पुरे झालेले दिसणार नाही त्याचा पाया भरत बसणे, याला हल्लीच्या बोलीत काय म्हणतात मला ठाऊक नाही.

आमच्या घरामागे कुंभार गल्ली आहे. पुराचे पाणी चढू लागते तेव्हा तिथे गणपतीच्या मूर्तींचा हंगाम ऐन भरात असतो. २०१९ मध्ये गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि पाणी महिनाभर आधी आले, म्हणजे निम्म्या मूर्ती अर्धवट ओल्या होत्या. ओली शाडूची मूर्ती हलवायची तर दोन माणसांनी पाट धरायचा, तिसऱ्याने मागून सोंडेखाली आणि हाताखाली आधार द्यायचा, आणि पाय घासत चालायचे. पाऊल उचलले की हिसका बसतो आणि मनगटाशी चीर जाते. पाणी पायाला लागत असताना असे चालणे किती अवघड असते हे ज्याने केले त्यालाच कळेल. पहिल्या तासात मदतीला आलेल्या पोरांनी धावपळीत कितीतरी मूर्तींचे हात मोडले. मग एका वयस्कर कुंभारीण बाईंनी दारात उभे राहून सगळ्यांना थांबवले, माणसे मोजली, तीन तीनच्या जोड्या लावल्या, आणि त्यानंतर काम दुपटीने झाले. त्या बाईंना प्रत्येक पोराचे नाव माहीत होते, कोणाची पकड घट्ट आणि कोण उतावळा हेही माहीत होते. बाहेरून आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ती वाटणी करता आली नसती.

मदतीविषयी आणखी थोडे. पूर ओसरला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यात एका पायाचे बूट होते, लग्नातले घागरे होते, फाटक्या बनियन होत्या. देणारे भली माणसे होती, घाईत होती. त्या ढिगातून आमच्या गल्लीतल्या एकाही बाईने एक कापड उचलले नाही, आणि शेवटी तो महापालिकेच्या गाडीत भरावा लागला. आमच्या भागातला माणूस फुकटचे घ्यायला लाजतो. त्याला पैरा चालतो. शेतात आज माझी चार माणसे तुझ्या भांगलणीला आली तर परवा तुझी चार माझ्याकडे येतात, हिशेब तोंडी असतो आणि तो फिटल्याशिवाय झोप लागत नाही. गल्लीतल्या आपुलकीला हे पैऱ्याचे गणित मानवते. आमच्याकडे एक सून सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे करते. तिला कोणी "बिचारी" म्हटले की ती दार लावून घेत असे. मग दोन शेजारणींनी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचे दोन तास सासूबाईंपाशी बसायचे ठरवले आणि बदल्यात तिच्याकडून आपल्या मुलांचे ऑनलाइन अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. आता ती त्या दोन तासांत कधी बाजारात जाते, कधी नुसती रंकाळ्याला बसून येते. रंकाळ्याला बसून काय करते, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "काहीच नाही, म्हणूनच जाते."

फेड होण्यासारखी नसते तिथे देण्याची रीतही या गावाला ठाऊक आहे. इथे अंत्यसंस्कारासाठी महापालिका पैसे घेत नाही, आणि होळी लहान करून उरलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगा स्मशानभूमीला देण्याचा रिवाज इथल्या मंडळांनी पाडला आहे. देणाऱ्यांचे फोटो आपल्या पानांवर येतात ते असो. पण फाल्गुनात दिलेली शेणी श्रावणात कोणासाठी लागणार हे देणाऱ्याला कळत नाही आणि ज्याला लागते तो आभार मानायला उरत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे मोल कळले. त्याच दिवसांत कडू घासाची रीत मात्र तुटली, म्हणजे दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी नेण्याची. दारात डबा ठेवून घंटी वाजवून लांब उभे राहावे लागे. ती रीत अजून पूर्ण परत आलेली नाही. परवा एका घरी माणूस गेला तर तिथे रक्षाविसर्जनाच्या दिवशी सगळे जेवण फोनवरून मागवलेले होते. जेवणात काही उणे नव्हते. पण रिकामे डबे परत न्यायला म्हणून आठ दिवसांनी शेजारणीने पुन्हा यायचे असते, आणि खरे बोलणे त्या दुसऱ्या खेपेला होते, हे ज्यांनी कोणाला गमावले आहे त्यांना सांगायला नको.

आता आम्ही काय केले ते सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही चौघा निवृत्तांनी दोनशे पानी वही घेतली आणि घरोघर गेलो. कोण एकटे राहते, कोणाला जिना उतरता येत नाही, इन्सुलिन कोणाच्या फ्रिजमध्ये असते, पाणी आले तर कोण कोणाकडे जाणार, एवढेच विचारायचे होते. पहिल्या महिन्यात नऊ घरे झाली. काहींना वाटले ही निवडणुकीची यादी आहे, काहींना वाटले घरपट्टी वाढवायला माणसे आली आहेत, आणि एका गृहस्थांनी आम्हांला विमा विकणारे समजून पाणीसुद्धा विचारले नाही. आमचीच चूक होती. आम्ही उभ्या उभ्या विचारत होतो. दुसऱ्या फेरीत वही पिशवीत ठेवली आणि नुसते बसलो. चहा झाला, गुडघे झाले, पुण्याला गेलेली मुले झाली, आणि उठता उठता बायकाच म्हणू लागल्या, "लिहून घ्या तेवढं." त्या गतीने बत्तीस घरांना दोन वर्षे लागली. वही कागदाचीच ठेवली आहे आणि ती एकाच घरात असते; एकटी बाई कोठे राहते ही माहिती फोनच्या ग्रुपवर टाकण्यासारखी नसते, हे आमच्यातल्या एका निवृत्त हवालदारांनी वेळीच लक्षात आणून दिले.

मागच्या बाजूच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारी परप्रांतीय पोरे आमच्या पहिल्या यादीत नव्हती. ती गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळ्यांवर जातात, गल्लीत कोणाला त्यांची नावे माहीत नव्हती, आणि २०२१ च्या पुरात ती स्वतःच कोठेतरी निघून गेली होती. कोठे, हे आम्ही विचारलेही नव्हते. त्यांना "दमानं घ्या" असे सांगणे ही चेष्टा होईल, हे मी जाणतो. ज्याचे पोट दुसऱ्या पाळीवर आहे त्याला कट्ट्यावर बसायला वेळ कोठला? म्हणून ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांनी त्यांच्या वेळेला जायला हवे. आम्ही रविवारी सकाळी गेलो. आता त्यातली दोन पोरे तालमीत व्यायामाला येतात, आणि गेल्या जुलैत पाणी इशारा पातळीशी आले तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या त्या सासूबाईंची खाट वरच्या मजल्यावर नेण्याचे काम त्यांनीच मागून घेतले.

आपल्याकडे एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण रोज पाणीपातळीची चौकट छापता. मेच्या अखेरीस एकदा त्याच आकाराची एक कोरी चौकट छापावी, जी कापून घेऊन कोणत्याही गल्लीला आपल्या वहीत चिकटवता येईल. तिच्यात चार ओळी पुरेत: घरात कोण असते, कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणते औषध चुकवून चालत नाही, आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. समोरच्या आजी २०२३ मध्ये आपल्याच अंथरुणावर शांतपणे गेल्या. शेवटची चार वर्षे त्यांच्या जिन्याची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असे आणि त्यांना दिवसातून एकदा हाक जाई. म्हणून चौथी ओळ कृपया गाळू नये. लोक पहिल्या तीन ओळी लवकर भरतात; चौथीपाशी त्यांचे पेन अडते. आमच्या वहीत तिथे अजून अकरा घरे कोरी आहेत, आणि त्यांत एक माझे आहे.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
शाहूपुरी, कोल्हापूर